लेट्युस लावलंय, आता काय करू?

थंडी पडायला लागली की माझ्या फोनवर तेच तेच प्रश्न यायला सुरुवात होते आणि सगळ्यांची सुरुवात एकच, 'सर, लेट्युस लावलंय...' अहो, लावायच्या आधी एक फोन केला असता तर? असो. या वेळचे नेहमीचे प्रश्न एकदाच घेतो.

एप्रिलमध्ये उघड्या रानात आईसबर्ग (कोबीसारखा गड्डा धरणारं लेट्युस) जमेल का? हॉटेलवाले तेव्हा चांगला दर देतात म्हणे. (करवीर)

नाही. दर का चांगला असतो याचा विचार करा की.

दोन ट्रे टाकले, अर्धं बी उगवलंच नाही. बी बोगस दिलंय का? (कागल)

असेलही, पण आधी सांगा, ट्रे कुठं ठेवला होता? पत्र्याच्या शेडमध्ये ना? लेट्युसचं बी साधारण २७-२८ डिग्रीच्या वर गेलं की झोपून राहतं, मेलेलं नसतं, आणि त्यात वरून बोटभर कोकोपीट दाबलं तर संपलंच, कारण या बियाला उजेड लागतो. नुसतं झाकल्यासारखं करा, पहिले तीन-चार दिवस ट्रे गार सावलीत ठेवा. तरी नाही उगवलं तर पाकीट, लॉट नंबर आणि बिल घेऊन तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याकडं जा. बिल फाडून टाकलं असेल तर मात्र मला विचारू नका.

खोडवा मोडून त्याच रानात लेट्युस घ्यायचंय. चालेल? (हातकणंगले)

उसात तणनाशक कुठलं आणि कधी मारलं होतं ते आधी आठवा. ॲट्राझिन, मेट्रीब्युझिन मातीत बरेच दिवस राहतं, ऊस ते सोसतो, लेट्युस नाही सोसत. सोपी गोष्ट करा, त्या रानातली माती दोन कुंड्यांत भरा, शेजारी बांधाकडची स्वच्छ माती एका कुंडीत, तिन्हीत चार-चार रोपं लावा आणि दोन-तीन आठवडे बघा. पानं कडेनं पिवळी पडून करपली तर या हंगामाला नाद सोडा. शेजारचा ऊसवाला टू-फोर-डी हे तणनाशक मारणार असेल तर त्यालाही गाठून बोला, वाऱ्यानं आलेल्या त्या औषधानं पानं पिळवटतात. शिरोळकडच्या क्षारपड रानात तर माती-पाणी तपासल्याशिवाय रोपं आणूच नका.

गड्डा धरायच्या आत मधनं शेंडा वर आला. दुकानदारानं 'साइज वाढवायचं टॉनिक' दिलं होतं, दोनदा मारलं. (पन्हाळा)

बाटलीच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवा म्हटलं तर तिथं घटकच लिहिलेले नाहीत! तासगावकडं द्राक्षाला जीए (जिबरेलिक ॲसिड, वाढीचं संजीवक) मारतात ते तुम्हाला माहीत आहे, तेच जीए लेट्युसला दिलं तर झाड फुलावर जातं, बी तयार करणारे मुद्दाम त्यासाठी वापरतात. तुमच्या बाटलीत तेच होतं असं मी म्हणत नाही, उकाड्यानं पण शेंडा येतो. पण काय मारलं हेच माहीत नसेल तर मी सल्ला कशावर देऊ? घटक न लिहिलेली बाटली घ्यायची नाही, एवढंच. दोन झाडं मुळासकट उपटून तळसंदे नाहीतर कणेरीच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवून या.

नदीचं पाणी तुषारनं देतो, गोठ्यातली स्लरी पण सोडतो. पाण्यात तुरटी फिरवली की झालं असं म्हणतात. हॉटेलवाले धुऊनच वापरतात ना? (शिरोळ)

तुरटीनं गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. कोण सांगतं हे?

मेथी, पोकळा चुलीवर चढतो. लेट्युस चढत नाही, तुमच्या रानातनं थेट माणसाच्या तोंडात. पंचगंगेत काय काय सोडलं जातं ते काठावरच्या माणसाला मी सांगायला नको, आणि २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यानं काविळीची साथ आली होती ती विसरलात? मागं एका रानात आईसबर्गचा गड्डा मधोमध चिरून बघितला, वरनं चकाचक, आणि तिसऱ्या-चौथ्या पानाच्या मध्ये गाळाची बारीक रेघ. पान आत वळायच्या वेळी तुषारचं पाणी पडलं, गड्डा मिटला, गाळ आतच. ते हॉटेलवाला कसं धुणार ओ? आणि पानाच्या घडीत चिकटलेले जंतू नुसत्या धुण्यानं पूर्ण जात नाहीत.

शेणाचं पण तेच. अमेरिकेतल्या सेंद्रियच्या नियमात मातीला टेकणाऱ्या पिकाला कच्चं शेण घातल्यापासून काढणीपर्यंत १२० दिवस जावे लागतात. तुमचं पीक रानात असतं फार तर ७०-७५ दिवस, मग उभ्या पिकात ताजी स्लरी बसतेच कुठं? पूर्ण कुजलेलं खत, तेही लागणीच्या आधी. पाणी ड्रिपनं, गादीवाफ्यावर, खाली मल्चिंग. बोअरचं पाणी असलं तरी ई-कोलायसाठी (शेणा-मैल्यातनं येणारा जंतू) एकदा तपासून घ्या, बोअर गोठ्याजवळ असेल तर नक्कीच. आणि फवारणी करून चौथ्या दिवशी माल भरणाऱ्यांनो, लेबलवर काढणीपूर्वीचे दिवस छापलेले असतात, ते वाचा, लेट्युसचं नाव त्यावर नसेल तर मारायच्या आधी विचारा.

आतल्या कोवळ्या पानांच्या कडा करपल्या. कॅल्शियम फवारू का? (गडहिंग्लज)

कमतरता कॅल्शियमचीच, पण मिटलेल्या गड्ड्यात फवारा पोचत नाही. पाणी एक दिवस धो धो, चार दिवस कोरडं असं करू नका, युरियाचा हात आवरा. बाकी माती परीक्षण बघून बोलू.

कंपनी म्हणते रोपं आमचीच घ्या, माल आम्हीच उचलू. (राधानगरी)

कागदावर दर आहे का? रिजेक्ट मालाचं काय होणार ते लिहिलंय का? नसेल तर रोपांचे पैसे देऊ नका, असेल तर आधी वकिलाला दाखवा.

देठ कापला की पांढरा चीक येतो. रोग आहे का? (आजरा)

नाही. मात्र चीक फार यायला लागला आणि पान कडू लागलं तर माल जून होतोय, फोन करत बसू नका, उद्या पहाटेच काढा.