गिटार कुठे गेली?

प्रश्न : ताई, मी सांगलीचा, वय २३, बँडमध्ये ड्रम वाजवतो. 'द गॅदरिंग' या डच मेटल बँडचा १९९५ सालचा अल्बम 'मँडिलिअन' म्हणजे माझा जीव की प्राण. परवा त्यांचाच १९९८चा 'हाऊ टू मेझर अ प्लॅनेट?' लावला आणि डोकंच फिरलं. गिटार कुठे गेली? आमचा गिटारवाला म्हणतो, बाई गायला आली की मेटल मऊ पडणारच. खरं आहे का? की पैशासाठी केलं सगळं?

उत्तर : वय लिहिलंयस म्हणून अरे-तुरे करते, चालवून घे.

आधी गिटारवाल्याचा निकाल लावू. ज्या 'मँडिलिअन'साठी तू जीव टाकतोस, तो ॲनेके फान गीर्सबर्गनचाच पहिला अल्बम. १९९४ला ती बँडमध्ये आली. त्याआधी यांचे दोन अल्बम झाले होते. १९९२च्या पहिल्यात एक पुरुष घसा खरवडून गुरगुरतो आणि जोडीला बाईचा आवाजही आहे. म्हणजे बाई पहिल्या अल्बमपासून होती. दोन अल्बम, दोन वेगवेगळ्या गायक-जोड्या, आणि घडी काही बसत नव्हती. मग ही एकवीस वर्षांची मुलगी आली. ना गुरगुरणं, ना ऑपेराचा थाट, सरळ मोकळ्या गळ्याने गाणारी. तिला घेऊन त्यांनी जर्मनीतल्या हागनला रेकॉर्डिंग केलं, आणि त्यातल्या तुझ्या 'स्ट्रेंज मशीन्स' गाण्याचा तो भिंत पाडणारा रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, जन्माला आला. बाई आल्यावर मेटल मऊ पडतं, तर मग हे काय होतं?

तीन वर्षांनी बँडचा बाज बदलला तेव्हा गायिका तीच होती. पुढे २००७ला ती बाहेर पडली, नॉर्वेची सिल्ये वेर्गेलान आली आणि २००९च्या 'द वेस्ट पोल'मध्ये गिटार उलट थोडी पुढे सरकली. उलटं उदाहरण हवं असेल तर फिनलंडचा मेटल बँड 'नाइटविश' घे. २००५मध्ये हेलसिंकीचा कार्यक्रम संपल्यावर त्यांनी आपल्या गायिकेला, तारयाला, चक्क पत्र देऊन काढलं. दोन वर्षांनी नव्या गायिकेसह अल्बम आला, तरी ऑर्केस्ट्राचा तो डामडौल जागच्या जागी, कारण गाणी रचणारा कीबोर्डवाला तोच. बँडचं वळण बघायचं तर गाणी कोण रचतं ते आधी बघावं. इथे ते घर रुटेन बंधूंचं : रेने गिटारवर, हान्स ड्रमवर. नेदरलँड्समधल्या ओस गावात १९८९ला त्यांनीच हा बँड काढला. (ओस हे मुळात मार्गारीनवाल्यांचं गाव. तिथल्या दोन लोणी-व्यापारी घराण्यांचा धंदा पुढे युनिलिव्हरमध्ये गेला. म्हणजे आपल्या डालड्याशी लांबचं नातं निघतं. असो.)

आता पैसा. पैशासाठी बदलणारा बँड 'हाऊ टू मेझर अ प्लॅनेट?'सारखा दोन सीडींचा अल्बम काढून त्याच्या शेवटी २८ मिनिटांचा तुकडा ठेवत नाही, ज्यात धड चालसुद्धा नाही. कुठला रेडिओ तो वाजवणार? शिवाय २०००च्या अल्बमनंतर त्यांनी मोठ्या मेटल कंपनीला रामराम ठोकला आणि २००३चा 'सुव्हेनिअर्स' स्वतःच्या 'सायकोनॉट' या लेबलवर काढला. आपल्या संगीताला नावही स्वतःच दिलं, 'ट्रिप रॉक'. खरं तर चाहूल आधीच लागली होती. १९९७ला त्यांनी 'डेड कॅन डान्स'चं एक गाणं रेकॉर्ड केलं होतं, आणि त्या मंडळींचा मेटलशी सुतराम संबंध नाही.

पण तुझा संताप मला कळतो, कारण मीही तो केलाय. माझा आतेभाऊ नोकरीनिमित्त आइंटहोवनला होता. १९९९च्या दिवाळीला तो 'हाऊ टू मेझर अ प्लॅनेट?' घेऊन आला आणि दोन दिवसांच्या बोलीवर मला दिली. मी कॅसेटवर उतरवायला बसले. पहिलंच गाणं 'फ्रेल'. आता गिटार कोसळेल, मग कोसळेल, म्हणून मी कानात प्राण आणून बसलेली, आणि गाणं संपलंसुद्धा. शेवटचा २८ मिनिटांचा तुकडा साठच्या कॅसेटच्या एका बाजूवर बरोब्बर मावत होता. रेकॉर्डचं बटण दाबून जेवायला गेले. आई खोलीतून ओरडली, "अगं, तुझा डेक बिघडला वाटतं, नुसती घरघर येतेय!" मला ते पटलंच. पुढच्या महिन्यात त्या बाजूवर मी एका एकांकिकेचं पार्श्वसंगीत रेकॉर्ड केलं. ती एकांकिका पडली.

नंतर मी नाटकांच्या साऊंडवर बसायला लागले. एकदा कोल्हापूरचा प्रयोग आटपून बसने पुण्याला परतत होतो. कराड मागे पडलं होतं, रात्रीचे दोन, नेपथ्यवाले मागच्या सीटवर घोरत होते. कानात याच अल्बममधलं 'ट्रॅव्हल' लागलं, चांगलं नऊ मिनिटांचं. तेव्हा प्रथमच ऐकू आलं की गिटार कुठेही गेलेली नाही. सगळीकडे तीच आहे, धुक्यासारखी पसरलेली. पुढे येऊन छाती काढून उभी राहत नाही एवढंच. पूर्वी ॲनेकेला रिफच्या वरून गावं लागायचं, इथे ती त्याच्या आतून गाते. शोमध्ये आम्ही हेच करतो : नट हळू बोलणार असेल तर त्याचा माइक वाढवण्याआधी बाकीचं खाली घेतो.

तू ड्रमवाला आहेस, तर एक कर. गायिका विसर, गिटार विसर. आधी 'स्ट्रेंज मशीन्स' आणि लगेच 'फ्रेल' लाव आणि फक्त हान्सचे हात ऐक. तोच माणूस दोन ठोक्यांच्या मधे किती थांबायला शिकलाय ते मोज. एवढं करूनही नाही आवडला तर नको आवडू दे. मला २००६चा 'होम' अजूनही जरा पचपचीत वाटतो.

आणि गिटारवाल्याला 'आर्च एनिमी' हा स्वीडिश मेटल बँड ऐकव, २००१चा 'वेजेस ऑफ सिन'. गाणारं कोण ते सांगू नकोस. दोन गाणी झाली की मग अँजेला गॉसोचा फोटो दाखव.

प्रश्न : माझी मुलगी १५ वर्षांची आहे. शास्त्रीय शिकते आणि आता दार लावून त्या गॉसोबाईंसारखं गुरगुरते. गळा कायमचा बसेल का? — एक काळजीत पडलेली आई, नागपूर

उत्तर : नुसतं ओरडून ओरडून करत असेल तर बसू शकतो. जाणकार गाणारे स्वरतंतूंवर जोर देत नाहीत. त्यांच्या वर असलेल्या पडद्यांना कंप देतात आणि जोर पोटातून घेतात. सरावानंतर आवाज घोगरा राहतोय किंवा घसा दुखतोय का, ते बघा. तसं असेल तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या, मग हे शिकवणारं कुणी गाठा. तिच्या गुरुजींना सांगायचं की नाही ते तुम्ही दोघी ठरवा. शेजाऱ्यांना मात्र आधी सांगून ठेवा. माझ्या भाचीने हा उद्योग सुरू केला तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकू हळद-दूध घेऊन वर आल्या होत्या.