रडला तर पुन्हा अटॅक येईल का?

लहान मुलाला लकवा मारून गेला, ते त्यातून वाचलं, अशा घरांतून एक प्रश्न माझ्याकडे फार वेळा येतो. पोरगं घरी आलं, चालायला लागलं, पण आता त्याला रागवायचं की नाही? हट्टाला ‘नाही’ म्हटलं, ते रडून रडून लालबुंद झालं आणि डोक्यात पुन्हा काही झालं, तर? हात कधी सुधारेल, पाय कधी सुधारेल हे लोक डॉक्टरांना विचारतात. हा प्रश्न मात्र तिथे निघतच नाही, आणि घर चालतं ते याच भीतीवर.

चोपडा तालुक्यातल्या एका कुटुंबाची गोष्ट सांगते. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तेजस साडेचार वर्षांचा. सव्वा वर्षाचा असताना घरातल्या बुटक्या खाटेवरून पडला. रडला, थोड्या वेळाने शांत झाला, आणि मग आईच्या लक्षात आलं की उजवा हात लोंबतोय, तोंड एका बाजूला ओढलं गेलंय. ‘अंगावरून वारं गेलं’ असं शेजारी म्हणाले. कोणी कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं. वडिलांनी ते ऐकलं नाही, रातोरात जळगाव गाठलं, आणि त्यांनी तेव्हा घाई केली म्हणूनच पुढचे उपचार वेळेत झाले, हे मी त्यांना मुद्दाम सांगितलं. कारण त्या घरात कोणी कोणाला ‘तू बरोबर केलंस’ असं गेल्या तीन वर्षांत म्हटलेलं नव्हतं.

माझ्याकडे त्यांना फिजिओथेरपिस्टने पाठवलं. कारण साधं होतं: व्यायाम बंद पडले होते. पायाला दिलेला स्प्लिंट, म्हणजे पाऊल सरळ धरून ठेवणारा आधार, कपाटावर होता. उजव्या पायाची टाच उचलायला लागली होती, पोटरीचा स्नायू आखडत चालला होता. डाव्या, चांगल्या हाताला रोज काही वेळ मोजा घालून उजव्या हाताने खेळवायचं ठरलं होतं, तेही थांबलं होतं. मी का विचारलं, तर आई वर्षा म्हणाली, “मॅडम, तो रडतो.” आजी म्हणाल्या, “तो रडस ना माय, तं मना जीव घाबरस.” वडील किशोरभाऊ केळीच्या गाडीवर असतात, रावेर-सावद्याहून माल भरून दोन-दोन दिवस बाहेर. ते म्हणाले, “मी घरी असतो तेवढा वेळ तरी त्याला खुश ठेवतो.”

रडू नये म्हणून काय काय होत होतं, ते एकेक करून बाहेर आलं. जेवताना मोबाइल. रात्री अकराला गाडीवरून चक्कर. आजीच्या हातून घास, कारण डाव्या हाताने जेवलेलं घरात चालत नाही आणि उजवा हात तोंडापर्यंत पोचत नाही. आईला चापट मारली तरी कोणी काही म्हणायचं नाही. त्याची सात वर्षांची बहीण, तिचं पेन, तिची खुर्ची, तिच्या वाटचं आइस्क्रीम, सगळं ‘त्याला दे, त्याला बरं नाही’. मी तिच्याशी वेगळी बोलले. ती चित्र काढता काढता म्हणाली, “मला पण असं काहीतरी व्हायला पाहिजे.” तिने हे तक्रार म्हणून नाही, हिशेब म्हणून सांगितलं. ज्या घरात आजारी असण्याला एवढी किंमत आहे, तिथे निरोगी मुलाला दुसरं काय सुचणार?

तरीही मी त्या दिवशी ‘रडू द्या, काही होत नाही’ असं म्हटलं नाही. तसं सरसकट सांगणं धोक्याचं आहे. मुलांमधल्या स्ट्रोकची, म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिनीत बिघाड होऊन येणाऱ्या लकव्याची, कारणं मोठ्यांसारखी बीपी, तंबाखू, चरबी अशी नसतात. जन्मजात हृदयदोष असतो. कांजण्या येऊन गेल्यावर काही महिन्यांनी मेंदूची रक्तवाहिनी सुजलेली असते. क्षयाचा मेंदूज्वर असतो. आपल्या नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार हे मोठं कारण आहे. आणि मोयामोया नावाचा एक आजार आहे, त्यात मेंदूच्या तळाच्या मोठ्या रक्तवाहिन्या हळूहळू अरुंद होत जातात. या मुलांमध्ये जोरजोरात रडणं, धापा टाकणं, फुगे फुगवणं यांनी रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, वाहिन्या आकसतात आणि हात-पाय खरोखर लुळा पडू शकतो. म्हणजे काही घरांत ही भीती खरी असते. म्हणून आधी फाइल पाहायची, मग बोलायचं.

तेजसच्या मेंदूविकारतज्ज्ञांशी मी घरच्यांसमोरच फोनवर बोलले. त्याच्या सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीवर कॅल्शियमचे ठिपके होते. साधारण सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलांमध्ये असं दिसतं: पडणं अगदी किरकोळ असतं, पण या कडक झालेल्या वाहिनीला तेवढा हिसका पुरतो. मोयामोयाची तपासणी झालेली होती, ते नव्हतं. डॉक्टर स्पष्ट म्हणाले, रडण्याने याला स्ट्रोक येणार नाही. काळजी घ्यायची ती डोक्याला मार लागू न देण्याची, ॲस्पिरिन सांगितलं आहे तोवर आपल्या मनाने बंद न करण्याची, आणि ताप, कांजण्या किंवा फ्लू असं काही आलं तर ते ॲस्पिरिन पुढे द्यायचं का हे त्याच दिवशी फोन करून विचारण्याची.

मी डॉक्टरांना विनंती केली, हेच आजींनाही सांगा. आमच्या शब्दापेक्षा डॉक्टरांच्या शब्दाला घरात वजन जास्त असतं, आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. आजींनी फोन कानाला लावला. पलीकडून डॉक्टर म्हणाले की एवढ्या उंचीवरून पडणारी मुलं ते रोज बघतात, त्यांना टेंगूळसुद्धा येत नाही. याच्या रक्तवाहिनीतच दोष होता. आजी बराच वेळ फोन धरून बसल्या.

खरी गाठ इथे होती. त्या दिवशी वर्षा चुलीवरचं दूध उतू जाईल म्हणून आत गेली होती. “खाटेवर एकटं टाकून गेली” हे वाक्य त्या घरात नंतर कितीदा उच्चारलं गेलं असेल, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तिने आपल्याला एक शिक्षा दिलेली होती: याला आता आपल्यामुळे डोळ्यात पाणी आणायचं नाही. पोरगं चापट मारायचं आणि ती ती चापट आपल्याच वाट्याची समजून घ्यायची. अशा आईला ‘मुलाला शिस्त लावा’ असं सांगून काहीही होत नाही. तिच्यावरचा आरोप आधी उठायला हवा, आणि ज्यांनी ठेवला त्यांनीच तो उठवायला हवा. पुढच्या भेटीत मी सासू-सुनेला एकत्र बसवलं. आजींनी माफी वगैरे मागितली नाही. एवढंच म्हणाल्या, त्या दिवशी मी पण घरातच होते. वर्षा खूप रडली. मला ते पुरेसं वाटलं.

मग कामाला लागलो. पहिलं काम भीतीला जागा ठरवून देण्याचं. एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून स्वयंपाकघरात लावलं: अचानक तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, बोलणं बंद झालं किंवा जीभ अडखळली, झटका (फीट) आला, जोराची डोकेदुखी आणि उलट्या सुरू झाल्या, तर घरी वाट पाहायची नाही, जिथे स्कॅन होतो तिथेच थेट न्यायचं, १०८ ला फोन करायचा. झटका आला तर कुशीवर वळवायचं, तोंडात चमचा, पाणी, कांदा काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांत थांबला नाही तर लगेच दवाखाना. खाली लिहिलं: यातलं काही नसेल तर तो नुसता रडतोय. त्या शेवटच्या ओळीचा त्यांना सगळ्यात जास्त उपयोग झाला असं किशोरभाऊ नंतर म्हणाले.

दुसरं, रडण्या-रडण्यातला फरक. स्प्लिंट काढल्यावर कातडीवर लाल वण वीस-तीस मिनिटांनंतरही राहत असेल तर तो टोचतोय, बदलून घ्यायचा. ते रडणं ऐकायचं. आपल्याकडच्या मे महिन्यात पाय आत घामेजतो, म्हणून लांब सुती मोजा घालायचा आणि तो दिवसातून बदलायचा. व्यायामात ताण जाणवावा, पण मूल दुखून किंचाळत असेल तर थांबून थेरपिस्टला विचारायचं. पण ‘नको, मोबाइल दे’ म्हणून निघालेलं रडणं हे साडेचार वर्षांच्या कुठल्याही पोराचं रडणं आहे. ते चालू दिलं पाहिजे.

आणि तिसरा एक प्रकार आहे, तो लोकांना माहीत नसतो. स्ट्रोक झालेली मुलं लवकर थकतात. अर्ध्या अंगाने सगळं करायला दुप्पट मेहनत पडते, आणि इजा झालेल्या मेंदूला राग आवरणं, एका गोष्टीवरून दुसरीवर जाणं खरोखर जड जातं. तेजसचे मोठे तमाशे संध्याकाळी सहानंतर व्हायचे. त्याला दुपारी झोपवलंच जात नव्हतं, कारण पाहुणे आले की सगळ्यांना त्याला बघायचं असायचं. दुपारची झोप लावली, खेळ बंद करायच्या आधी ‘आता दोनदा आणि मग बस’ असं सांगायला सुरुवात केली, तेव्हा निम्मे तमाशे आपोआप कमी झाले. त्याला लाडावलेला म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. मारणं तर कधीच नाही, आणि डोक्यावर टपली, कानफटात हे गमतीतही नाही.

नियम एकच निवडला: जेवताना मोबाइल नाही. मी आधीच बजावलं की पहिले काही दिवस तो आधीपेक्षा जास्त रडेल, आणि मध्येच हरलात तर त्याला कळेल की जास्त रडलं की मिळतं. पहिल्या संध्याकाळी आजी ओट्यावर जाऊन बसल्या. त्यांना ऐकवत नव्हतं, आणि ते मी मान्य केलं होतं. वर्षा त्याच्याशेजारी बसली, फारशी बोलली नाही, ताट मागे घेतलं नाही. तो जेवला नाही, दूध पिऊन झोपला. दुसऱ्या दिवशी सकाळी हात-पाय दोन्ही बाजूंनी हलताहेत का ते तिने तीनदा पाहिलं. हे तिने मला फोनवर सांगितलं तेव्हा मी तिला म्हटलं, बघत जा, काही हरकत नाही. आठवड्याभरात तिने बघणं आपणच सोडलं.

डाव्या हाताचा प्रश्न आजींशी वेगळा बोलावा लागला. याचा डावा हातच आता मुख्य हात राहणार, आणि उजवा त्याचा मदतनीस. उजव्याने घास घ्यायचा आग्रह धरला तर तो कायम दुसऱ्याच्या हातून जेवेल. तो पंगतीत डाव्या हाताने जेवेल तेव्हा काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, लोकांना तुम्हीच सांगायचं, तुमच्याशिवाय कोणाची हिंमत होणार? हे त्यांना पटलं. व्यायामासाठीही मी थेरपिस्टला विचारून घरातलीच कामं काढली, ज्यांना दोन हात लागतातच: केळं सोलणं, भुईमुगाची शेंग फोडणं, कळण्याच्या भाकरीचा तुकडा मोडणं, रविवारी वरण-बट्टी असली की बट्टी कुस्करणं. उजव्या हाताने नुसतं धरलं तरी चालेल, डावा मोडेल. केळ्याला तर त्या घरात तोटाच नव्हता. हाताच्या मोज्याची वेळ आम्ही बहिणीकडे दिली, पण तिच्या पसंतीच्या खेळासाठी, आणि त्याबदल्यात रोज संध्याकाळी अर्धा तास आई फक्त तिची. त्या अर्ध्या तासात तेजस रडला तरी तो वेळ तिचाच.

अंगणवाडीत सेविकाताई घ्यायला तयार नव्हत्या, ‘इथे पडला तर माझ्यावर येईल’ म्हणून. त्यांची भीती वर्षाच्या भीतीसारखीच होती, म्हणून स्वयंपाकघरातल्या कागदाची एक प्रत त्यांनाही दिली. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा तपासणीला येतं, त्यांच्याकडून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात नाव लागतं आणि तिथे उपचार मोफत असतात, हे पुष्कळ पालकांना ठाऊकच नसतं. दिव्यांग प्रमाणपत्राला किशोरभाऊ आधी तयार नव्हते, पोराला शिक्का बसेल म्हणून. प्रमाणपत्र चाळीस टक्क्यांचं किंवा त्याहून जास्त निघालं तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सहा ते अठरा वर्षांपर्यंतचं मोफत शिक्षण हा त्याचा हक्क ठरतो, हे सांगितल्यावर ते अर्ज भरायला गेले.

तेजस आता स्प्लिंट घालून अंगणवाडीत जातो. थोडा लंगडतो. उजव्या हाताची बोटं अजून बारीक काम करत नाहीत, आणि ती कितपत करतील याचा शब्द मी त्यांना दिलेला नाही. लहान वयात मेंदू बरंच सावरतो हे खरं, पण काही उणिवा वाचन, आकडेमोड, एकाग्रता यांची मागणी वाढली की मगच दिसतात. म्हणून पहिली-दुसरीत त्याची एकदा नीट मानसशास्त्रीय तपासणी करून घ्यायची, असं फाइलवर लिहून ठेवलंय. आजी त्याला अजून अधूनमधून भरवतात. किशोरभाऊ गाडीवरून आले की रात्रीची एक चक्कर अजून होते. ती मी बंद करायला सांगितलेली नाही. फक्त आता बहीणही मागे बसते.