पिशवीतली नदी

चि. यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. नरक्याचं झाड, पंचगंगा नदी की एन्झाइम, कशावर काम करू असं विचारलंयस. कशावरही कर. मला खटकलं ते दुसरंच. चार पानं भरून यंत्रांची नावं लिहिलीस, पण नमुना कुठं, कधी आणि कसा घेणार याबद्दल अवाक्षर नाही.

एम.एस्सी.ला असताना मी घाटावर नदीचं पाणी भरलं, बाटल्या पिशवीत टाकल्या आणि मित्राबरोबर मिसळ खायला गेलो. प्रयोगशाळेत पोचेस्तोवर तीन तास गेले. विरघळलेला ऑक्सिजन इतका कमी आला की नदी मेली असं मी जाहीरच करून टाकलं. सरांनी शांतपणे विचारलं, "ही घाटावरची नदी, का तुझ्या पिशवीतली?" बाटलीतले जिवाणू सगळा वेळ ऑक्सिजन खात होते. मी मिसळ खात होतो, ते ऑक्सिजन.

म्हणून बाटली काठोकाठ भर, बुडबुडा राहू देऊ नकोस, आणि ऑक्सिजन पकडून ठेवणारी रसायनं, म्हणजे मँगनस सल्फेट व अल्कली-आयोडाइड-अझाइड, तिथंच पायरीवर बसून घाल. तपकिरी साका आला की ऑक्सिजन अडकला. पांढराच राहिला तर पाण्यात ऑक्सिजन नव्हताच. टायट्रेशन, म्हणजे थेंबाथेंबानं थायोसल्फेट घालून तो ऑक्सिजन मोजणं, मग इकडं प्रयोगशाळेत येऊन कर. बीओडी (पाण्यातली घाण खाताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात त्याचं माप) २७ अंशांवर ३ दिवस ठेवलास की २० अंशांवर ५ दिवस, तेही वहीत लिही. आंघोळीच्या पाण्याला बीओडी लिटरमागं ३ मिलिग्रॅमच्या आत हवा, पण असल्या मापाशी आपला आकडा ताडून बघायचा तर तो कसा काढला हे आधी माहीत पाहिजे. कोल्हापूरचं सांडपाणी आणणारा जयंती नाला नदीला मिळतो त्याच्या वर एक आणि खाली एक जागा धर. ऊस गाळपाच्या दिवसांत जा, मे महिन्यात जा. नुसतं पुराचं पाणी तपासून नदी सुधारली म्हणणारे मी पुष्कळ पाहिलेत.

झाडाचंही तेच. चिरलेलं वांगं आई पाण्यात का टाकते? हवा लागली की त्यातलं एन्झाइम ते काळं करतं. तोडलेल्या पानातही असले उद्योग चालू होतात. तेव्हा तोडल्याची वेळ, सावलीत वाळवलं की ओव्हनमध्ये आणि किती अंशांवर, सगळं टिपून ठेव. नरक्यातलं कॅम्प्टोथेसिन हे औषधी रसायन तर फारच नाजूक. नंदुरबारचे मनसुख वाणी आणि मन्रो वॉल यांनी ते १९६६ साली एका चिनी झाडातून वेगळं केलं; पुढं ते आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यातही सापडलं. डीएनएचा पीळ सोडवणारं टोपोआयसोमरेज नावाचं एन्झाइम ते जागीच अडकवून ठेवतं, त्यातूनच कर्करोगावरची औषधं निघाली. पण पाणी जरा अल्कधर्मी झालं की त्याच्या रेणूतलं लॅक्टोन नावाचं कडं उघडतं आणि जोर जातो. म्हणजे सामू (पीएच) न बघता अर्क ठेवलास तर महिन्याभराची मेहनत पाण्यात, अगदी शब्दशः. आणि परवान्याशिवाय झाडाला हात लावू नकोस. साल आणि मुळांसाठी तोडून तोडून ते आधीच विरळ झालंय.

एन्झाइम शिकायचं तर आधी गुऱ्हाळावर जा. तोडलेला ऊस दोन-तीन दिवस पडून राहिला की गुळव्या तोंड वाकडं करतो, कारण ढेप नीट बसत नाही. उसातलं इन्व्हर्टेज नावाचं एन्झाइम साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे पाडत असतं. १९१३ साली मिकेलिस आणि मेंटेन यांनी याच इन्व्हर्टेजवर, यीस्टमधलं घेऊन, काम केलं. ठरावीक वेळानं नमुना काढायचा, सोडा घालून क्रिया तिथंच थांबवायची आणि मग मोजायचं. त्यांचं एन्झाइमच्या वेगाचं समीकरण सगळ्यांना पाठ असतं. सोडा कुणाच्या लक्षात राहत नाही.

रविवारी सकाळी सातला घाटावर ये. थायोसल्फेट शनिवारीच प्रमाणित करून ठेव, बर्फाचा डबा मी आणतो. मिसळ खाऊ, पण साका बसल्यावर.

तुझा,
सर