वडिलांच्या स्मरणपुस्तिकेत गळ असावा की नसावा?

प्रश्न : आमचे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, गेल्या भाद्रपदात वयाच्या 71 व्या वर्षी वारले. वर्षश्राद्धाला भावकीत वाटण्यासाठी एक छोटी पुस्तिका काढायची असून तिचे लेखन माझ्याकडे आले आहे. आमचे गाव करमाळा तालुक्यात, उजनीच्या फुगवट्याकाठी आहे. अण्णा ऊस पिकवत आणि नदीवरची मोटार सुरू असेपर्यंत तिच्याशेजारी गळ टाकून बसत. आई माळकरी असल्याने मासे घरात येत नसत. गोठ्यामागे तीन दगडांची चूल मांडून, स्वतःच्या वेगळ्या तव्यात ते मासे भाजत, तवा राखेने घासून तिथेच पालथा घालत आणि आंघोळ करूनच उंबरा ओलांडत. एकादशीला गळ वळचणीला खोचलेला असे. धाकट्या बहिणीला पाहायला पाहुणे आले, तेव्हाही ते चिखलाच्या पायांनी, हातात वाम घेऊन अंगणात उगवले होते. थोरल्या भावाचे म्हणणे असे की, माळकऱ्याच्या घरातल्या माणसाच्या पुस्तिकेत मासे नकोत. मासे वगळून लिहावे काय?

— एक वाचक, जिल्हा सोलापूर

उत्तर : वगळू नये. मासे काढून टाकल्यावर जे उरेल ते ‘कष्टाळू, मनमिळाऊ आणि धार्मिक वृत्तीचे’ एवढेच, आणि ही तीन विशेषणे शेजारच्या घरातल्या पुस्तिकेतही जशीच्या तशी छापता येतात. आपल्या बंधूंचा संकोच समजण्यासारखा आहे. परंतु त्यांना ज्याची अडचण वाटते, त्यातच आपल्या आईवडिलांच्या संसाराची रीत दिसते. एकाच अंगणात एकीकडे तुळशीची माळ आणि दुसरीकडे पालथा घातलेला तवा इतकी वर्षे सुखाने नांदले, हे दोघांनी एकमेकांचे राखलेले मन आहे. मात्र ही गोष्ट आईंचीही असल्याने आधी त्यांच्याजवळ बसावे. तव्यासाठी मीठमिरची घरातून कोण देत असे, हा एकच प्रश्न विचारावा आणि त्या बोलू लागल्या की मध्ये बोलू नये.

दुसरी गोष्ट पाण्याची. उजनी धरण 1980 साली पूर्ण झाले. म्हणजे अण्णांनी ऐन पंचविशीपर्यंत वाहती भीमा पाहिली आणि पुढचे सगळे आयुष्य साचलेल्या पाण्याकाठी काढले. गळ टाकणाऱ्याच्या दृष्टीने ही दोन वेगळी पाणी आहेत. वाहत्या धारेत गळाला शिसे जड लावावे लागते, डोह कुठे आणि धार कुठे हे ठाऊक असावे लागते. संथ फुगवट्यात मात्र नजर तरंगणाऱ्या पिसाच्या देठावर खिळवून बसावे लागते. धरणानंतर रोहू-कटल्याचे बीज सोडले गेले आणि चिलापी तर इतकी माजली की जुन्या माशांची नावे नव्या पोरांना सांगावी लागतात. अण्णा कोणत्या डोहावर बसत, तो आता किती पाण्याखाली आहे, हे त्यांच्या वयाच्या माणसांना विचारावे. विशेषतः गावात भोई समाजाची घरे असतील तर तिथे अवश्य जावे, कारण जाळे टाकणाऱ्यांना काठावर गळ घेऊन बसणाऱ्या शेतकऱ्याच्या खोडी पक्क्या ठाऊक असतात. उन्हाळ्यात पाणी हटले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते आणि काठावरचे शेतकरी मोटारी आणि पाइप पुढे पुढे सरकवत नेतात. त्या दिवसांत अण्णा मोटारीमागोमाग आपल्या जुन्या जागेपर्यंत उतरत असतील, तर पुस्तिकेतले एक पूर्ण पान त्यासाठी ठेवावे.

धरणाचा आणखी एक उपयोग आहे. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख 1 जून असेल तर ती गुरुजींनी सोयीने घातलेली असण्याचा संभव फार. त्या पिढीतल्या अर्ध्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. तेव्हा ‘पाणी आले त्या वर्षी अण्णांना किती मुले होती, बैल कोणते होते’ असे विचारत गेल्यास वय आणि घटना दाखल्यापेक्षा अधिक नेमक्या जुळतात.

माशांच्या वजनाबाबत थोडे जपून लिहावे. गळाला लागलेला मासा सांगण्यात वाढतो, आणि निसटलेला तर फारच वाढतो. ‘अण्णा सांगत चार किलो, ज्याने तोलला तो म्हणतो अडीच’ असे दोन्ही आकडे लिहावेत. त्यात अण्णा जास्त दिसतील. आमिषाचेही तसेच. ते कणकेचा गोळा लावत, गांडूळ लावत, की मरळीसाठी बेडकी धरून आणत, हे ज्याने त्यांच्या डब्यात डोकावले असेल त्यालाच सांगता येईल, आणि तो बहुधा नातवंडांपैकी कोणी असेल.

पाहुण्यांसमोर वाम घेऊन येण्याचा प्रसंग बहिणीची हरकत नसल्यास जरूर घ्यावा, आणि त्यावर ‘असे होते आमचे भोळे अण्णा’ वगैरे मल्लिनाथी करू नये. ती सोयरीक जमली की मोडली, हे आपण पत्रात लिहिलेले नाही. पुस्तिकेत मात्र ते सांगावे लागेल, नाहीतर भावकीतला प्रत्येक जण तेवढेच विचारत येईल. ‘आता ते वैकुंठातल्या चंद्रभागेत गळ टाकून बसले असतील’ हे वाक्य सुचेल तेव्हा खोडावे.

तो तवा अजून गोठ्यामागे असल्यास घासू नये. आहे तसा, दिवसाच्या उजेडात त्याचे छायाचित्र काढून मलपृष्ठावर छापावे. छपाईला देण्यापूर्वी मजकूर आईंना मोठ्याने वाचून दाखवावा, आणि त्या वेळी थोरल्या बंधूंनाही शेजारी बसवावे.