वकीलताईंना विचारा: केसच नाही, मग तक्रार कशाची?

प्रश्न: ताई, ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात पुरुषा-पुरुषांतल्या संबंधांना बंदी होती, पण कित्येक वर्षं कोणावर केसच नव्हती म्हणे. मग तिथला समलिंगी हक्कांचा कार्यकर्ता टूनेन थेट युनोकडे कसा गेला?

उत्तर: अहो, तिथेच तर खरी गंमत आहे! कायदा नुसता पुस्तकात पडून असला तरी टांगती तलवार असतेच ना, आणि युनोच्या मानवाधिकार समितीने तेच मान्य केलं. ऑस्ट्रेलियाने एकेकट्या माणसाला या समितीकडे तक्रारीचा मार्ग खुला केला त्याच दिवशी, २५ डिसेंबर १९९१ला, टूनेनने तक्रार टाकली (नाताळची सुट्टी गेली बिचाऱ्याची). टास्मानिया म्हणे एड्स रोखायला कायदा हवा, पण समिती म्हणाली उलट अशाने लोक लपतात आणि काम अवघड होतं, आणि केंद्र सरकारसुद्धा टूनेनच्याच बाजूने! मार्च १९९४ला निकाल आला, नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या कलम १७चा, म्हणजे खासगीपणाच्या हक्काचा भंग. समितीचं मत कोर्टाच्या हुकमासारखं बंधनकारक नसतं, पण केंद्राने त्याच वर्षी सज्ञानांच्या खासगी संबंधांना संरक्षण देणारा कायदा केला, टास्मानियाने मात्र बंदी उठवायला १९९७पर्यंत ताणलं. आणि आपल्या दंड संहितेतल्या अशाच कलम ३७७चं म्हणाल तर सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते सुटायला सप्टेंबर २०१८ उजाडलं.