सुट्टीत रान बघायचंय? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की कोकणातली जंगलं, देवराया, शहरातल्या हिरव्या जागा याबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा. खूप पत्रं आली. सगळ्यांना उत्तर देणं जागेअभावी जमत नाहीये, त्यामुळे जे प्रश्न पुन्हापुन्हा आले तेच घेतलेत.

ताई, दिवाळीच्या सुट्टीत मुलांना (वय ८ आणि ११) फणसाडच्या जंगलात नेलं. सकाळी चार तास चाललो, वानरांचा एक कळप सोडला तर काही दिसलं नाही. मुलं कंटाळली. मिस्टर म्हणतात ताडोबालाच जायला हवं होतं. कोकणातल्या जंगलात खरंच काही दिसतं का? — एक आई, अलिबाग

दिसतं हो, भरपूर दिसतं, फक्त चालत राहिलं की दिसत नाही. ताडोबाचं जंगल कोरडं, पानगळीचं. उन्हाळ्यात पानं झडली की लांबपर्यंत नजर जाते, पाणी ठराविक तळ्यांवरच उरतं आणि प्राणी तिथे येतातच, शिवाय तुम्ही जिप्सीत बसलेले. आपल्याकडे समुद्रावरून येणारा दमटपणा आणि एवढा पाऊस, त्यामुळे वाटेच्या दहा फूट आत हिरवी भिंतच असते. बिबट्या त्या भिंतीमागे बसून तुमच्याकडे बघत असला तरी तुम्हाला कळणार नाही. त्यात दोन मुलं, चार जणांचे बूट, खाली वाळकी पानं, म्हणजे तुम्ही पोचायच्या आधीच सगळ्या रानाला वर्दी गेलेली असते.

फणसाड म्हणजे पूर्वीचं जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान, म्हणून ते तुटलं नाही, १९८६ मध्ये अभयारण्य झालं. पुढच्या वेळी असं करा. सुपेगावच्या बाजूने सकाळी लवकरात लवकर आत जा, वनखात्याची परवानगी आणि गावातलाच वाटाड्या घ्या, अर्धा तास चाला आणि मग एक मोठं झाड बघून त्याखाली एक तास बसा. नुसतं बसा. पहिली वीसेक मिनिटं काहीच होत नाही, मुलं चुळबुळ करतात, करू दे. मग रान तुम्हाला विसरतं.

मी माझ्या भाचीला घेऊन अशीच बसले होते, तेव्हा ती नऊ वर्षांची. आधी टप्पकन काहीतरी पडलं, फळाचं कुरतडलेलं साल. मग परत एक. वर बघितलं तर पन्नास फुटांवर फांदीवरून एक लांब तपकिरी शेपटी दोरीसारखी खाली लोंबत होती, शेकरू! आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी. मागच्या पायांवर फांदीला धरून, पुढच्या दोन्ही हातांत फळ गोल फिरवत खात होतं, पोटाचा रंग सायीसारखा, पाठ तांबूस काळपट. आम्हाला बघितल्यावर खळखळ असा आवाज काढला आणि एका उडीत पलीकडच्या झाडावर. मग भाचीने त्याची घरटी शोधायला सुरुवात केली, फुटबॉलएवढे काटक्यापानांचे गोळे, एकट्या शेकरूचीसुद्धा अशी अनेक घरटी असतात, तिला तीन सापडली. त्या दिवशी दुसरा एकही प्राणी दिसला नाही आणि ती पोर अजून त्याबद्दल बोलते. तिथेच गारंबीचा वेल पण दाखवा मुलांना, माणसाच्या मांडीएवढा जाड वेल झाडाझाडांवरून गेलेला आणि हातभर लांब शेंगा. तोडायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या.

आणि दिवाळीपेक्षा फेब्रुवारी-मार्च बरा. पाणी कमी झालेलं असतं, पाणवठ्याच्या आसपास हालचाल असते.

मी मूळचा संगमेश्वरचा, नोकरीसाठी डोंबिवलीत. गावी जाणं वर्षातून दोनदा, गणपती आणि शिमगा. बाकी रविवारी जीव गुदमरतो. मुंबईच्या जवळ खरं जंगल म्हणावं असं काही आहे का, की नुसती गार्डनं? — वाचक, डोंबिवली

अहो, बोरिवलीला तुमच्या लोकलच्या अंतरावर खरं जंगल आहे! संजय गांधी राष्ट्रीय उद्यान साधारण १०४ चौरस किलोमीटर आहे, आत तुळशी आणि विहार असे दोन तलाव, बिबट्यांची एवढी दाटी फार कमी ठिकाणी असेल, आणि मधोमध कान्हेरीची शंभरावर लेणी. लोक गेटपासून अर्ध्या किलोमीटरवर चटई टाकतात आणि म्हणतात बघितलं पार्क. तसं करू नका. लेण्यांपर्यंत बसने जा, वरच्या बाजूच्या लेण्यांत जाऊन दगडात कोरलेल्या पाण्याच्या पोढ्या बघा, भिक्षूंनी दोन हजार वर्षांपूर्वी याच रानातलं पावसाचं पाणी कसं अडवलं ते कळतं, आणि समोर सगळी झाडी. सोमवारी बंद असतं.

पावसाळ्यात पनवेलच्या पुढे कर्नाळा. हायवेला लागूनच, जेमतेम १२ चौरस किलोमीटर, पण पाऊस सुरू झाला की शीळकरी कस्तूर ऐकायला मिळतो. एखादा पोरगा रमतगमत, अर्धवट सूर लागलेली शीळ घालत चाललाय असंच वाटतं. गावाकडच्या वहाळाच्या काठी पण हाच गातो, तुम्ही लहानपणी ऐकला असणार, फक्त पक्षी आहे हे माहीत नसेल.

आणि रविवारी दोनच तास असतील तर सायन-वांद्रे लिंक रोडवरचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान. ३७ एकर. ही जागा म्हणजे मुंबईच्या कचऱ्याचं डंपिंग ग्राउंड होतं हो, १९७७ पर्यंत कचरा पडत होता तिथे, मग माती टाकून झाडं लावली आणि १९९४ मध्ये लोकांसाठी उघडलं. आता आत उभं राहिलं तर पलीकडे धारावी आहे हे विसरायला होतं. माझ्या मते मुंबईत बघण्यासारख्या पहिल्या पाच जागांत ही यायला हवी. हिवाळ्यात ऐरोलीहून ठाणे खाडीत बोटीने फ्लेमिंगो बघता येतात, बोटीची वेळ भरती-ओहोटीवर ठरते म्हणून आधी चौकशी करून जा.

आंबोलीला जुलैमध्ये जायचंय. रात्रीचा फ्रॉग वॉक करतात म्हणे. लहान मुलं बरोबर आहेत, जळवा आणि सापांची भीती वाटते. — वाचक, कणकवली

जळवांनी काही होत नाही. लांब मोजे, त्यावर पँट खोचायची, तंबाखूचं पाणी किंवा मीठ जवळ ठेवायचं, चिकटलीच तर ओढून तोडायची नाही, नखाने बाजूने सरकवायची. सापाचं म्हणाल तर टॉर्च पायाखाली ठेवा आणि झाडाच्या फांदीला, दगडाच्या फटीत हात घालू नका. चाव झालाच तर कापाकापी, आवळून बांधणं, मांत्रिक यातलं काही नको, माणसाला स्वतःहून चालू-फिरू द्यायचं नाही आणि गाडीत घालून थेट सरकारी दवाखाना.

पण मला दुसरीच भीती वाटते. तीनेक वर्षांपूर्वी मी एका ग्रुपबरोबर असा वॉक केला. नेणाऱ्या माणसाने मलबारी चापडा, म्हणजे तो हिरवा-तपकिरी विषारी साप, काठीने फांदीवरून उचलून मोकळ्या जागी ठेवला, सगळ्यांना फोटो मिळावेत म्हणून. वीस मोबाइलचे फ्लॅश. बेडूक हातात घेऊन फिरवले. मी बोलले तर म्हणाला मॅडम रोजचंच आहे. रोजचंच आहे म्हणून तर राग येतो! बेडकाची कातडी म्हणजे त्याचं अर्धं फुप्फुस असतं, तिच्यातून तो श्वास घेतो, आपल्या हाताचं मीठ, सॅनिटायझर, डासाचं क्रीम सगळं त्याच्या अंगात जातं.

आंबोलीत एक छोटा भेक आहे, अंगावर पिवळट पट्टे असलेला, शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये त्याची नोंद केली. पहिल्या पावसात कातळावर जे उथळ पाणी साठतं त्यात तो अंडी घालतो, बोटभर खोल पण नसतं ते पाणी. तुमची गाडी जिथे पार्क होते, तुमचे बूट जिथे पडतात, तीच ही जागा. जगात हा बेडूक याच परिसरात आहे आणि अतिशय धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे. तसंच हिरण्यकेशीच्या कुंडात एक इवलासा मासा २०२० मध्ये नवीन म्हणून सापडला आणि दुसऱ्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. देवळाचं कुंड म्हणून गावाने ते राखलं नसतं तर मासा उरला असता का?

तेव्हा वॉकला जरूर जा, पण पैसे द्यायच्या आधी एकच प्रश्न विचारा, "तुम्ही प्राण्यांना हात लावता का?" हो म्हणाला किंवा हसला तर दुसरा माणूस शोधा. चांगली मुलं आहेत आंबोलीत, अगदी जीव लावून दाखवणारी.

आमच्या मामाच्या गावी दोडामार्गला देवराई आहे. शहरातल्या मैत्रिणींना दाखवायचीय. चालेल का? काय काळजी घ्यावी? — वाचिका, सावंतवाडी

चालेल, पण आधी मामांना सांगून गावच्या मानकऱ्यांना किंवा गुरवाला विचारा. प्रत्येक राईचे नियम वेगळे, कुठे चप्पल चालत नाही, कुठे आतल्या भागात बायकांना जायची पद्धत नाही. मला स्वतःला हा शेवटचा नियम पटत नाही आणि मी तो गावकऱ्यांशी बसून बोलते, पण गुपचूप घुसत नाही. घुसणाऱ्यांमुळे गाव दार बंद करतं.

एका राईत मी वाकून एक सुंदर वाळकं पान उचललं होतं, बरोबरच्या आजी लगेच म्हणाल्या, "ठेव गो थय. थयचा पान थयच कुजाक होया." एवढ्या एका वाक्यावर ती राई टिकलीय.

तुमच्या दोडामार्गातच हेवाळे-बांबर्डेला रानजायफळाची दलदल आहे, मिरिस्टिका स्वॅम्प म्हणतात तिला, महाराष्ट्रात अशा जागा अगदी मोजक्याच माहीत आहेत, आणि ही देवाची म्हणूनच वाचलेली. तिथली झाडं बारमाही पाण्यात उभी असतात, मुळांना हवा मिळत नाही, म्हणून मुळं चिखलातून वर येतात, गुडघा दुमडावा तशी वळतात आणि परत खाली जातात. पाण्यावर नुसते गुडघेच गुडघे. या झाडांची फळं धनेश पक्षी खातो, अख्खी बी लांब नेऊन टाकतो. धनेशाची मादी अंडी घालायला मोठ्या झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते, फक्त चोचीपुरती फट, आणि नर महिनोन्महिने फळं आणून भरवतो. म्हणजे धनेशाला म्हातारं झाड पाहिजे आणि झाडाला धनेश. रबरासाठी आजूबाजूचा डोंगर साफ झाला की हे दोन्ही तुटतं, आणि दोडामार्गात ते डोळ्यासमोर चाललंय. मैत्रिणींना राई दाखवाल तेव्हा शेजारचा तो बोडका डोंगर पण दाखवा.

काळजी म्हणाल तर त्या भागात माकडतापाची भीती असते, विशेषतः जानेवारी ते मे. तो गोचिडीतून येतो. पूर्ण बाह्या, गोचीड दूर ठेवणारं अंगाला लावायचं तेल, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ आणि कपडे लगेच धुवायला. माकड मेलेलं दिसलं तर जवळ न जाता आरोग्यकेंद्राला कळवा.

कासवं बघायला वेळासला कधी जावं? — अनेकांनी विचारलंय

फेब्रुवारीअखेर ते एप्रिल. अंडी घातल्यापासून पिल्लं यायला ४५ ते ५५ दिवस लागतात, त्यामुळे तारीख कोणी आधी सांगू शकत नाही, दोन मुक्काम ठेवा. फ्लॅश नाही, हात लावणं नाही. गावातच राहा आणि गावातच जेवा, २००२ पासून कासवं राखायचं हे काम चाललंय ते गावाने साथ दिली म्हणून. वेळासला गर्दी असेल तर दापोलीचं आंजर्लं.

माझं वय ७१, गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. डोंगर चढणं आता नाही. तुमचं सदर वाचून वाईट वाटतं की हे सगळं माझ्यासाठी नाही. — आजी, रत्नागिरी

आजी, तुमच्यासाठी तर रत्नागिरीतच आहे, आणि मी ते सगळ्यात शेवटी मुद्दाम ठेवलंय. जूनचा पहिला पाऊस झाला की मुलाला किंवा रिक्षावाल्याला सांगा, सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, घेऊन चल. कातळावर, जिथे उन्हाळ्यात पाय भाजतो तिथे, आठवड्याभरात दिपकाडी फुलते, पांढरी, नाजूक दांड्यावर, आपल्या कोकणच्या सड्यांशिवाय ती फारशी कुठे नाहीच. पुढे श्रावण-भाद्रपदात सीतेची आसवं निळी-जांभळी पसरतात, ती कीटक खाणारी वनस्पती आहे बरं का, कातळावर माती नाही, अन्न नाही, म्हणून पाण्यातले बारीक जीव पकडून पोट भरते. सरकारी कागदावर या सड्याला पडीक लिहितात, हे वाचलं की मला रडू येतं.

चढ नाही, पायऱ्या नाहीत, गाडी बऱ्याचदा जवळपर्यंत जाते. फक्त शेवाळ्यावर पाय घसरतो, म्हणून काठी आणि कोणाचा तरी हात पाहिजे, आणि कातळाच्या फटीपाशी फुरसं हा विषारी साप असतो, तिथे बसू नका. पावसाळा संपला की वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बचतगटाच्या बायका होडीतून कांदळवन दाखवतात, नुसतं बसून राहायचं, त्याच होडी वल्हवतात आणि कुठली चिप्पी, कुठला कांदळ ते सांगतात.

सड्यावर जाताना घरातली प्लास्टिकची खुर्ची डिकीत टाका, छत्री मोठी घ्या. फुलं बोटाच्या पेराएवढी असतात, त्यामुळे चष्मा जवळचा लागेल, लांबचा नाही.