प्रेमपत्रात चंद्र, हरिणी, मोरपिसारा अशा जुन्या उपमा लिहिल्या तर मुलगी हसेल का?

हसेल. हसली तर बिघडलं कुठं? मीही हसले होते, आणि त्याच माणसाशी संसार केला.

कालिदासाच्या थाटातलं लिहावं की सरळ 'तू आवडतेस' म्हणावं, असं तुम्ही पुढं विचारलंय. आमच्या घरात हा वाद माझ्या लग्नाआधीपासून चालू आहे, म्हणून लिहायला बसले.

आमचे हे तेव्हा सोलापुरात एका चादरीच्या कारखान्यात डिझाइन काढायचे. जकार्डचं डिझाइन म्हणजे चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवायचं, मग त्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, तेव्हा कुठं मागावर फूल उमटतं. साखरपुडा झालेला, लग्नाला अवकाश होता. यांनी त्या चौकटीच्याच कागदाच्या पाठीवर मला पत्र लिहिलं. सुरुवातीला कालिदासाच्या मेघदूतातला, बायकोपासून लांब पडलेला यक्ष: तुझं अंग वेलीत दिसतं, नजर भेदरलेल्या हरिणीत, चेहरा चंद्रात, केस मोराच्या पिसाऱ्यात, भुवयांची हालचाल नदीच्या बारीक लाटांत. आणि खाली यांची स्वतःची ओळ: 'सध्या मयूरपंखी चादरीचं डिझाइन चालू आहे. तुझे केस आठवतात आणि घरं चुकतात.'

पत्र माझ्या हाती पडायच्या आत धाकट्या बहिणीनं फोडलं. ओसरीवर सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं आणि म्हणाली, "अगं ताई, पिसारा मोराला असतो, लांडोरीला नाही. हा बाबा तुला मोर म्हणतोय!" आजीसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. मीही हसले, पण कागद हिसकावून घेतला. मोर-लांडोर काय कालिदासाला कळत नव्हतं? न्हाऊन मोकळे सोडलेले केस दुसऱ्या कुठल्या पाखराच्या अंगावर दिसतात ते सांगा म्हणावं.

पुढं ही बहीण मराठीची प्राध्यापक झाली, मग तर विचारूच नका. दर दिवाळीला फराळासोबत ऐकवते की संस्कृत कवी म्हणजे बाईची नखशिखांत यादी करणारे पुरुष. दात असे, कंबर अशी, ओठ पिकल्या तोंडल्यासारखे; यात बाई कुठं आहे? पुरावा म्हणून मेघदूतातलाच यक्षाच्या बायकोचं वर्णन करणारा 'तन्वी श्यामा' हा श्लोक काढते.

अगं, पण तसंच पुढं वाच ना! हरिणी, चंद्र, मोर ज्या श्लोकात येतात त्याच्या शेवटी यक्ष म्हणतो काय? की हे सगळं एका ठिकाणी कुठंच सापडत नाही, तुझ्यासारखं काहीच नाही. सगळ्या उपमा मांडून झाल्यावर तो स्वतःच त्या मोडीत काढतो. वर तिला चंडी, म्हणजे रागीट, म्हणून हाक मारतो. त्याच्याच पुढच्या श्लोकात शिळेवर गेरूसारख्या रंगानं तिचं चित्र काढतो, तेही रुसलेल्या बायकोचं, आणि डोळे भरून आल्यामुळं ते त्याला धड दिसत नाही. यादी करणारा माणूस बायकोचं फुगलेलं तोंड कशाला काढत बसेल?

आणि पुरुषच बोलतात म्हणणाऱ्यांनी गाथासप्तशती उघडावी. हाल सातवाहनाच्या नावावरचा 700 गाथांचा हा महाराष्ट्री प्राकृतातला संग्रह, त्यातल्या कितीतरी गाथा बायकांच्या तोंडच्या आहेत, आणि त्या बायका कुणाला लाजत नाहीत. आमच्या सोलापूरचे रामजोशी घ्या. संस्कृतात मुरलेले आणि लावणीकारही. तमाशाच्या नादापायी भावानं घराबाहेर काढलं असं सांगतात. त्यांच्या लावणीतली सुंदरा वर्णन करून घ्यायला गप उभी राहत नाही, जरा ठरत नाही, हवेलीत शिरते. बहिणीला हे सांगितलं की ती विषय बदलून चकल्यांवर येते.

तर लिहा, पण उपमा एकच, आणि ती रोज डोळ्यांखालून जाणाऱ्या गोष्टीची. यांनी कालिदासाचं सगळं उतरवलं, मला लागला तो मोर, कारण तो यांच्या मागावर होता. चंद्राकडं तुम्ही कधी मान वर करून बघत नसाल तर चंद्र नको. वृत्ताच्याही फंदात पडू नका. मेघदूताच्या मंदाक्रांतेला ओळीला 17 अक्षरं लागतात, त्यात लघु-गुरू सांभाळेपर्यंत मुलीचं लग्न होऊन जाईल. मोबाइलवरची आयती गुलाबशायरी पुढं ढकलणार असाल, तर त्यापेक्षा तिला आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसवा.

हो, आणि हे सगळं ती तुमच्याशी आधीपासून मोकळेपणानं बोलत असेल तरच. आमचा साखरपुडा झालेला होता. ओळखदेख नसताना कालिदास पाठवलात तर तो त्रासच, आणि 'नाही' आलं तर पुढचा श्लोक पाठवायचा नाही.

'तू आवडतेस' हे मात्र शेवटी साध्या शब्दांत लिहाच. तिच्या घरात माझ्या बहिणीसारखी कुणी असेल, तर पत्र फोडणारीलाही अर्थ लागायला हवा.